उजव्या हाताचं पेडल

वाह-वाह पेडल वाजवायचं तर गिटारवाल्याचा पाय सतत वरखाली होत राहतो. एन्व्हलप फिल्टरला पाय लागतो तो फक्त चालू-बंद करण्यापुरता. पुढचं सगळं तार किती जोरात छेडली यावर ठरतं. हलकेच छेडली तर मिटल्या ओठांतून आल्यासारखा दबका आवाज. जोरात छेडली की तोंड उघडून ‘व्वाऊ’, आणि नाद ओसरेल तसं ते तोंड पुन्हा मिटत जातं.

या जातीतलं सर्वांत गाजलेलं यंत्र म्हणजे म्यु-ट्रॉन थ्री. माइक बायगल आणि एरन न्यूमन यांच्या म्युझिट्रॉनिक्स कंपनीने ते 1972 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीत काढलं. बायगल त्याआधी गिल्ड या गिटार कंपनीसाठी सिंथेसायझर करत होता. ते काम बारगळलं, पण त्यातला फिल्टर हाताशी उरला. फुकट गेलेल्या मेहनतीचं असं सोनं क्वचितच होतं.

पेडलच्या पोटातली करामत साधी आहे. गिटारच्या सिग्नलचा जोर मोजून त्यानुसार एक एलईडी कमीजास्त उजळतो. त्याच्यासमोर प्रकाशाने रोध बदलणारे घटक बसवलेले असतात. उजेड वाढला की त्यांचा रोध घटतो आणि फिल्टरची फ्रिक्वेन्सी वर सरकते. अंधार झाल्यावर हे घटक जरा रेंगाळत पूर्वपदावर येतात, म्हणूनच आवाज मिटताना झटका बसत नाही. ‘पीक’च्या नॉबने त्या सरकत्या फ्रिक्वेन्सीला किती धार द्यायची ते ठरतं. ‘ड्राइव्ह’चं बटण खाली केलं की सगळं उलटं: छेडल्यावर फिल्टर आधी मिटतो, मग उघडतो.

खरी कसोटी ‘गेन’च्या नॉबवर. नवखे तो भरपूर वाढवतात. मग हळू वाजवा की जोरात, फिल्टर सदा सताड उघडा. आपला सगळ्यात जोरदार फटका मारून पाहावा, त्याला फिल्टर जेमतेम पूर्ण उघडेल एवढाच गेन ठेवावा. हंबकर पिकअपचा सिग्नल तगडा, त्यामुळे तिथे नॉब आणखी खाली. गिटारचा व्हॉल्यूम थोडा उतरवला तरी पेडलचं वागणं बदलतं. आणि पेडलच्या आधी कंप्रेसर लावणं म्हणजे आपणच आपल्या पायावर धोंडा पाडून घेणं: जोराचा फरकच पुसला गेला, तर फिल्टरने ओळखायचं काय? हात असमान पडत असेल तर हे पेडल दर ठोक्याला चुगली करतं, हे मात्र सोसावं लागतं.

गंमत म्हणजे त्याचा डंका आधी गिटारवर वाजलाच नाही. स्टीव्ही वंडरने 1973 च्या ‘हायर ग्राउंड’मध्ये ते क्लॅव्हिनेटला जोडलं, बूट्सी कॉलिन्सने बासला. गिटारवर ऐकायचं तर ग्रेटफुल डेडचं 1977 चं ‘एस्टिमेटेड प्रॉफेट’ काढावं. सात मात्रांच्या त्या संथ चालीत जेरी गार्सिया सूर मोजके ठेवतो, आणि प्रत्येकाला उघडून मिटायला पुरता अवकाश देतो.

डिस्टॉर्शन सहसा फिल्टरनंतर लावतात, कारण आधी लावलं तर तेही जोर सपाट करतं. पण डिस्टॉर्शनचा भरगच्च आवाज फिल्टरमधून काढण्याची मजा वेगळीच. बायगलनेच पुढे इलेक्ट्रो-हार्मोनिक्ससाठी क्यू-ट्रॉन घडवलं. त्याच्या ‘प्लस’ आवृत्तीत यावर तोड आहे: जोर मोजायचा तो कोऱ्या गिटारचा, आणि डिस्टॉर्शन त्यानंतर, फिल्टरच्या अलीकडे जोडायचं.