एका जागेवरून दहा संगणक

औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्राने २०२३ साली मंजुरी दिली. अमेरिकेतील लायगोच्या नोंदींत अशा लहरी शोधण्याची आकडेमोड 'आइन्स्टाइन ॲट होम' हा प्रकल्प २००५ पासून लोकांच्या संगणकांना वाटून देतो. त्यासाठी 'बॉइंक' हे मोफत सॉफ्टवेअर लागते.

अभ्यासिकेतील दहा संगणकांवर ते बसवल्यास प्रत्येकापाशी जावे लागत नाही. प्रत्येकावरील 'रिमोट होस्ट्स' फाइलीत मुख्य संगणकाचा पत्ता लिहावा, फायरवॉलमध्ये ३१४१६ हे पोर्ट आतल्या जाळ्यापुरतेच उघडावे आणि बॉइंक पुन्हा सुरू करावे. पासवर्डची फाइल रिकामी नको. ते तिजोरी उघडी टाकून जेवायला जाण्यासारखे आहे. परीक्षेचे अर्ज भरताना मुलांना संगणक लागतात, तेव्हा मुख्य संगणकावरून एकेक निवडून काम थांबवावे. गगनबावड्याच्या पावसात वीज गेलीच, तर शेवटी जतन झालेल्या टप्प्यापासून गणित पुढे सुरू होते.