शुगर आटोक्यात आणायला खर्च किती?

नेरळ-कळंब रस्त्यावरच्या पोशीरसारख्या गावात पूर्वी 'शुगर' हा शब्द मुंबईहून आलेल्या पाहुण्यांच्या तोंडी असे. आता गोळ्यांच्या पट्ट्या आपल्याच घरांतल्या फडताळात आहेत. कारणे शोधायला लांब जायला नको. शेतात राबणारे हात कमी झाले, जमिनी फार्महाऊसला गेल्या, नेरळ स्टेशन गाठायला दारात मोटारसायकल आली. ताट मात्र नांगर धरणाऱ्याचेच राहिले: सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी भात, रात्री पुन्हा भात आणि मधल्या वेळेत गोड चहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात 10 कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे आणि 13 कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

आजार वाढला तशी त्यावरच्या 'प्रोग्राम'ची बाजारपेठही वाढली. मोबाईलवर रोज एक जाहिरात येते: अमुक महिन्यांत गोळ्या बंद. काही ठिकाणी त्यासाठी हजारो रुपये मोजावे लागतात. आपल्या शेजारच्या खालापूर तालुक्यात खोपोलीला माधवबागचे निवासी रुग्णालय आहे. पुण्यात डॉ. प्रमोद त्रिपाठी यांची 'फ्रीडम फ्रॉम डायबिटीस' आहे. दुसऱ्या बाजूला डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत आहे: दिवसातून दोनदाच जेवा, 45 मिनिटे चाला. तिला फी नाही. मग सामान्य कुटुंबाने नेमके काय करावे?

आकडे काय सांगतात?

आपल्यासाठी सर्वांत जवळचा पुरावा चेन्नईचा आहे. डॉ. ए. रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या 531 लोकांचे चार गट केले आणि त्यांच्यावर सुमारे तीन वर्षे लक्ष ठेवले. निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांना फक्त नेहमीचा सल्ला मिळाला, त्यांच्यापैकी शंभरातल्या 55 जणांना मधुमेह झाला. ज्यांना रोज अर्धा तास चालायला, साखर, मैदा आणि तेल कमी करायला सांगून वारंवार पाठपुरावा केला, त्यांच्यात हे प्रमाण 39 वर आले. मेटफॉर्मिनच्या गोळीनेही जवळपास तेवढाच फायदा झाला. गोळी आणि पथ्य दोन्ही दिल्याने मात्र जास्तीचा फायदा दिसला नाही. विशेष म्हणजे या लोकांचे वजन फारसे उतरले नव्हते, तरीही आजार टळला.

खर्चाचा हिशेबही त्यांनी मांडला. साधारण सहा-सात जणांनी पथ्य पाळले तर एकाचा मधुमेह टळतो, आणि त्या एकामागे तेव्हाच्या दराने सुमारे 47 हजार रुपये खर्च येतो. आयुष्यभराच्या गोळ्या, पुढे डोळे, किडनी किंवा पाय यांचे उपचार डोळ्यांपुढे आणा, म्हणजे ही रक्कम मोठी वाटणार नाही. याच चमूने नंतर 537 पुरुषांवर आणखी स्वस्त उपाय करून पाहिला. नियमित मोबाईल संदेश पाठवून आहार-व्यायामाची आठवण दिली. दोन वर्षांत मधुमेह होणाऱ्यांचे प्रमाण 27 टक्क्यांऐवजी 18 टक्के राहिले. म्हणजे उपयोगी पडले ते कोणीतरी सतत विचारणे. महागडे यंत्र किंवा चूर्ण यांचा त्यात काही वाटा नव्हता.

ज्यांना मधुमेह झालाच आहे त्यांच्यासाठी ब्रिटनचा प्रयोग महत्त्वाचा आहे. निदान होऊन सहा वर्षे न झालेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली तीन ते पाच महिने अत्यंत कमी उष्मांकाचा आहार दिला. वर्षअखेर 46 टक्के रुग्णांची साखर गोळीविना मर्यादेत आली. दोन वर्षांनी हे प्रमाण 36 टक्के उरले आणि पुढे आणखी घसरले. वजन परतले की साखरही परतते. म्हणून 'कायमचा बरा' म्हणणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नये. आजार दबतो, तो जात नाही.

गोळी परस्पर बंद नको

पथ्य सुरू केले म्हणून गोळ्या स्वतःहून सोडणे धोक्याचे आहे. उलट, ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू ठेवून जेवण एकदम कमी केले तर साखर इतकी खाली जाते की माणूस बेशुद्ध पडू शकतो. रमजानमध्ये हा धोका वाढतो. रोजे ठेवायचे असतील तर महिना-दोन महिने आधी डॉक्टरांकडून गोळ्यांची मात्रा व वेळ ठरवून घ्यावी. घाम, थरथर, चक्कर जाणवली तर रोजा सोडावा. आजारी माणसाला शरियतने दिलेली सवलत अशाच वेळेसाठी आहे.

आपल्या गावात काय करता येईल?

तपासणीपासून सुरुवात करू. तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब तपासण्याची सरकारी योजना आहे आणि नेरळ व कळंबला प्राथमिक आरोग्य केंद्रे आहेत. जन औषधी केंद्रात मेटफॉर्मिनच्या दहा गोळ्या एका वडापावच्या किमतीत मिळतात.

दुसरा खर्च ताटाचा, आणि तो खरा आहे. रेशनचा तांदूळ फुकट मिळतो. डाळ, अंडी, भाजी विकत आणावी लागते. पण वाल, चवळी, हरभरा आपल्याच शेतात पिकतात. पावसाळ्यात आदिवासी बहिणी टाकळा, कुर्डू, करटोली विकायला आणतात. भात निम्मा करून ती जागा यांनी भरावी. दावत, वलीमा आणि इफ्तार यांत इसराफ टाळण्याची शिकवण आपण ऐकतोच. ती बिर्याणीच्या दुसऱ्या ताटालाही लागू आहे.

तिसरा प्रश्न बायकांचा. 'चालायला जा' हे पुरुषाला सांगणे सोपे. घरातील सून किंवा आपा एकट्या रस्त्यावर निघत नाहीत, आणि त्यांच्यासाठी वेगळे ताट करायला कोणी नसते. फज्रनंतर मोहल्ल्यातल्या पाच-सहा जणी मिळून निघाल्या तर बोलणारे गप्प बसतात. जमले नाही तर अंगण किंवा गच्ची आहे. आणि पथ्याचे जेवण एकीसाठी न करता सगळ्या घरासाठी करावे, म्हणजे मुलांचेही भले होईल.

चेन्नईत जे काम फोन करणाऱ्यांनी केले, ते इथे जमाअत, बचत गट किंवा शाळेचा पालक मेळावा करू शकतो. महिन्यातून एकदा एकत्र बसून वजन, कंबर आणि साखर वहीत लिहायची, आणि जो आला नाही त्याच्या घरी जाऊन विचारायचे. खर्च एका वजनकाट्याचा, मोजपट्टीचा आणि साखर तपासायच्या पट्ट्यांचा. पॅकेज घेण्याआधी एवढे सहा महिने करून पाहायला हरकत नाही.