वृषणातली गाठ: सोनोग्राफीत कांदा दिसला म्हणजे निदान झालं?

तरुण मुलाच्या वृषणात टणक, न दुखणारी गाठ हाताला लागली की घरात एकच शब्द घुमतो: कॅन्सर. ही भीती निराधार नाही. या वयात वृषणाच्या आत असलेल्या भरीव गाठी बहुतेक कर्करोगाच्याच निघतात. पण सगळ्या नाही. शंभरात साधारण एखादी निघते एपिडर्मॉइड सिस्ट, म्हणजे अगदी साधी, कुठेही न पसरणारी गाठ.

सिस्ट म्हणजे पाण्याची पिशवी, हा दुसरा गैरसमज. हिच्यात पाणी नसतं. आत असतं केराटिन, आपल्या कातडीवरून झडतं तेच प्रथिन. पांढरट, भुसभुशीत, थरावर थर रचलेलं. त्यामुळे सोनोग्राफीत पुष्कळदा कापलेल्या कांद्यासारखी वर्तुळं दिसतात आणि डॉपलरवर गाठीच्या आत रक्तप्रवाह दिसत नाही. रक्तातले एएफपी आणि बीटा-एचसीजी हे ट्यूमर मार्करही नॉर्मल.

एवढ्यावर निश्चिंत होऊ नये. टेराटोमा हा वृषणातला ट्यूमरही कधीकधी असाच कांदा दाखवतो, आणि सेमिनोमा या वृषणाच्या कर्करोगात एएफपी वाढत नाहीच. निकाल लागतो सूक्ष्मदर्शकाखाली, तोही घाईने नाही. तंतुमय भिंत आणि तिला आतून कातडीसारखं अस्तर दिसलं की काम संपलं असं वाटतं. पण असं अस्तर टेराटोमातही सापडतं. खरी परीक्षा काय दिसत नाही याची आहे. कूर्चा नको, आतड्यासारखं अस्तर नको. केसांची मुळं किंवा तेलग्रंथी असतील तर ती डर्मॉइड सिस्ट, तीही बहुधा साधीच. शेजारच्या शुक्रनलिकांत कर्करोगपूर्व पेशी नकोत, विरून गेलेल्या ट्यूमरचा व्रणही नको. प्राइस यांनी 1969 मध्ये 69 रुग्णांच्या अभ्यासातून यातले बरेच निकष मांडले, ते आजही वापरात आहेत. नाही म्हणण्यासाठी आधी सगळीकडे बघावं लागतं. म्हणून गाठ आणि तिच्याभोवतीची ऊती, दोन्हींचे भरपूर तुकडे तपासायचे. एका स्लाइडवर 'साधी गाठ' लिहिणं मला तरी धाडसाचं वाटतं.

वृषण काढावंच लागतं, हेही खरं नाही. सोनोग्राफी आणि रक्ततपासण्या अनुकूल असतील तर सर्जन जांघेतून छेद घेऊन फक्त गाठ सोडवतात आणि फ्रोझन सेक्शनला, म्हणजे शस्त्रक्रिया चालू असतानाच होणाऱ्या सूक्ष्मदर्शक तपासणीला, पाठवतात. शंका उरली तर वृषण काढतात. मात्र अंडकोषातून सुई घालून 'आधी तपासून बघा' असा आग्रह रुग्णाने धरू नये. गाठ कर्करोगाची निघाली तर त्या वाटेने पेशी सांडण्याचा धोका असतो.