कुसळी गवत : जमिनीत शिरणारे बी

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. मुसळ सर्वांच्या परिचयाचे असते. पण कुसळ नीट पाहिले आहे असे विद्यार्थी थोडेच. दिवाळीच्या सुमारास माळावरून चालत गेलात, तर ते आपण होऊन तुमच्या कपड्यांत शिरेल. ते काढून फेकण्यापूर्वी भिंगाखाली धरा. निसर्गाने बनविलेले एक सुंदर यंत्र तुमच्या हाती आले आहे.

या गवताचे शास्त्रीय नाव हेटेरोपोगॉन कंटॉर्टस. ‘हेटेरोपोगॉन’ म्हणजे निरनिराळ्या दाढीचे आणि ‘कंटॉर्टस’ म्हणजे पिळलेले. उष्ण कटिबंधातील अनेक देशांत ते उगवते. आपल्याकडे दख्खनच्या माळांवर ते विपुल आहे. हवाई बेटांवरील लोक त्याला ‘पिली’ म्हणतात आणि पूर्वी त्याने घरे शाकारीत असत. ऑस्ट्रेलियातील मेंढपाळ मात्र त्याला वैतागतात, कारण याची कुसळे लोकरीतून थेट मेंढीच्या कातडीत घुसतात.

कुसळाचे तीन भाग असतात. खाली सुईसारखे अणकुचीदार टोक असलेले बी. त्या टोकाभोवती मागे वळलेले ताठ तांबूस केस. आणि वर काही सेंटिमीटर लांबीचा काळपट केसर. केसराचा खालचा भाग दोरीसारखा पिळलेला असून वरचा भाग कोपरासारखा वाकलेला असतो.

आता एक कुसळ पाण्यात बुडवून बाहेर काढा. पीळ उलगडू लागतो आणि वाकलेला भाग घड्याळाच्या काट्यासारखा फिरतो. वाळले की तो उलट दिशेने फिरून पुन्हा पिळला जातो. हे कसे घडते? केसरातील पेशी मेलेल्या असतात, पण त्यांच्या भित्तिकांत सेल्युलोजचे तंतू स्प्रिंगसारखे वेटोळे घालून बसलेले असतात. तंतूंच्या मध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरतात व पेशीचा पीळ बदलतो. अशा असंख्य पेशी एकमेकींना जखडलेल्या असल्यामुळे सगळी काडीच फिरते.

बी जमिनीवर पडले की केसराचे वाकडे टोक एखाद्या काडीला किंवा खड्याला अडते. वरचे टोक फिरू शकत नाही, म्हणून बी फिरते आणि मातीत टोचले जाते. दिवसा ऊन, रात्री दव. पीळ बसतो, सुटतो. मग बी मागे का येत नाही? येथेच त्या उलट्या केसांचे काम आहे. पुढे सरकताना ते अंगाशी मिटतात, मागे ओढले तर मातीत रुततात. म्हणून हालचाल दोन्ही दिशांना झाली तरी प्रवास मात्र एकाच दिशेने होतो. माती उष्णतेची मंदवाहक असल्याने, माळावर वणवा लागला तरी थोड्याशा खोलीवरचे बी बचावते. चार्ल्स डार्विनचे पुत्र फ्रान्सिस डार्विन यांनी 1876 साली अशाच दुसऱ्या एका गवताच्या केसरांवर निबंध लिहिला होता.

त्याहीपूर्वी, 1665 साली, रॉबर्ट हूक यांनी आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ ग्रंथात रानटी ओटच्या केसरापासून आर्द्रतादर्शक कसा करावा हे सांगितले. तुम्हीही तो करू शकाल. बुचावर मेणाचा ठिपका देऊन त्यात बी उभे रोवा. केसराभोवती अंश आखलेली कागदी चकती ठेवा. वाकलेले टोक हाच काटा. वर काचेचे भांडे उपडे घाला व आत ओले फडके ठेवा. काटा किती फिरला ते दर पाच मिनिटांनी टिपून आलेख काढा. शाळेत ओल्या-कोरड्या फुग्याचा आर्द्रतामापक असेल, तर त्याच्याशी ताडून चकतीवर खुणा करता येतील. कुसळे डोळ्यांपासून व पाळीव प्राण्यांपासून दूर ठेवा.

शाळेच्या बागेत हे गवत लावणे सोपे आहे. कुसळे पिकल्यावर गोळा करून कागदी पिशवीत कोरड्या जागी ठेवा. लगेच पेरू नका. ताजे बी सहसा उगवत नाही, त्याला काही महिन्यांची विश्रांती लागते. हिवाळ्यातील एखाद्या अवकाळी सरीने फसून बी उगवले, तर रोप पुढे उन्हाळ्यात करपेल. या विश्रांतीमुळे ते टळते. जूनमध्ये केसर कापून बी अर्धा ते एक सेंटिमीटर खोल पेरा. मुरूम मिसळलेली, पाणी न साठणारी जमीन आणि भरपूर ऊन एवढे पुरे. दोन रोपांत फूटभर अंतर ठेवा. गवत बहुवर्षायू आहे. पावसाळ्यानंतर त्याचे झुबके तांबूस होतात व फार शोभिवंत दिसतात. वाटेच्या कडेला मात्र लावू नका, नाहीतर सर्वांचे पायमोजे कुसळांनी भरतील! कुसळे धरण्यापूर्वी कापले तर गुरांना चांगला चारा मिळतो. नंतर तीच कुसळे जनावरांच्या तोंडाला इजा करतात.

अशा माळांना आपण सहज ‘पडीक’ म्हणतो आणि झाडे लावण्यासाठी तेथे खड्डे खणू लागतो. पण हे माळ गुरांना चारा देतात, आणि गवताची मुळे पावसाच्या माऱ्यात माती धरून ठेवतात. तेव्हा पुढच्या वेळी माळावर वृक्षारोपणास जाण्यापूर्वी तेथे आधीच काय उगवले आहे, याची यादी करा. वर्गात ती वाचून दाखवा आणि मग खड्डे कोठे खणायचे ते ठरवा.