मटाराच्या शेंगा आणि आकडेमोड

बालवाडीत ‘थीम’ म्हणजे भाज्यांचा तक्ता लावून ‘हा टोमॅटो, ही भेंडी’ असं वदवून घेणं नव्हे. ओळखीचा एकच विषय आठ-दहा दिवस धरायचा आणि बोलणं, मोजणं, चित्रं, खेळ सगळं त्याच्याभोवती फिरू द्यायचं.

भाजीबाजारच घ्या. ताई मटाराच्या शेंगा मध्ये ओततात, मुलं सोलायला बसतात. अंगठा आणि तर्जनीची ही चिमूट पुढे पेन्सिल धरताना कामी येते. कुणाच्या शेंगेत सात दाणे, कुणाच्या चार. जास्त कुणाचे? ‘मोजा’ म्हणावंच लागत नाही. (निम्मे दाणे तोंडात जातात, ते धरूनच चालावं.) कापलेली भेंडी रंगात बुडवली की कागदावर फूल उमटतं. कुंडीत पेरलेले मेथीदाणे तीन-चार दिवसांत मान वर काढतात. शेवटी वर्गातच बाजार भरतो. एकीला भाजीवाली व्हायचं असतं, बाकीच्यांना घासाघीस करायची असते. भाषेचा खरा तास हाच.

यासाठी महागडी खेळणी लागत नाहीत. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीत गावातल्या मुलांसाठी काम सुरू केलं, तेव्हा शिंपले, बिया, पानं हीच साधनं होती. छापील वर्कशीटचा गठ्ठा मात्र थीम म्हणून खपवला जातो, तो फसवा.

या रविवारी मंडईत जाताना मुलाला सोबत न्या आणि लिंबं त्यालाच मोजून घेऊ द्या.