एकच तर रोप आहे!

"मॅडम, एकच तर रोप आहे. तेही घरात, कपाटात. विकायचं थोडंच आहे?"

जिल्हा न्यायालयात वकिली करताना हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे, की समोरच्याने 'एकच' म्हटलं की पुढचं सगळं मला पाठ असतं. बोलणारा बहुतेक वेळा विशीतला मुलगा असतो, शिकलेला, नोकरीला लागलेला किंवा लागायच्या बेतात असलेला. मोबाइलवर व्हिडिओ असतो: जुनं कपाट, आतून चिकटवलेला चकचकीत कागद, एलईडीचा दिवा, छोटा पंखा, कुंडी, कोकोपीट. कमी खर्चात गांजाचं पहिलं रोप. व्हिडिओ करणारा खोटं बोलत नसतो. तो कॅलिफोर्नियात राहतो, तिथे २०१६च्या जनमतानंतर एकवीस वर्षांवरच्या माणसाला घरी सहा रोपं लावता येतात. किंवा तो कॅनडातला असतो, तिथे ऑक्टोबर २०१८ पासून बहुतेक प्रांतांत एका घरात चार रोपं चालतात. बघणारा मात्र नाशिकला नाहीतर पिंपरीत बसलेला असतो. त्याने दिवा, पंखा, माती या सगळ्याचा हिशेब केलेला असतो. कायदा कुठला लागतो, एवढंच विचारायचं राहिलेलं असतं.

मी कायदा सांगायला लागले की ठरलेलं उत्तर येतं: "पण भांग तर चालते ना? शंकराचा प्रसाद आहे. बनारसला तर ठेक्याची दुकानं आहेत!"

सगळा घोटाळा इथेच आहे, म्हणून यावर जरा थांबते.

आपल्याकडे अमली पदार्थांचा मुख्य कायदा म्हणजे १९८५चा एनडीपीएस. त्याच्या दुसऱ्या कलमात दोन व्याख्या एकाखाली एक दिल्या आहेत. पहिली 'कॅनॅबिस' या पदार्थाची: चरस म्हणजे झाडाची राळ, गांजा म्हणजे फुलाफळांचे शेंडे, आणि या दोन्हींचं कुठलंही मिश्रण. शेंड्यांसोबत नसलेली नुसती पानं आणि बिया गांजाच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. भांग पानांची होते, म्हणून तिला या कायद्यातून वाट मिळाली. इथवर मुलांचं बरोबर आहे. पण तिच्या खालीच दुसरी व्याख्या आहे, 'कॅनॅबिसचं झाड' याची: त्या प्रजातीचं कोणतंही झाड. नर असो, मादी असो, फुललेलं असो की चार पानांचं कोवळं रोप असो, इथे कशालाही सूट नाही. आणि कलम ८ सांगतं की अशा झाडाची लागवड कुणीही करायची नाही. पान सुटलं, झाड सुटलं नाही. दोन्ही ओळी एका पानावर आहेत, वाचायला पाच मिनिटं लागत नाहीत. तरीही मोबाइलवर फिरणारा प्रत्येक 'कायदेशीर सल्ला' पहिल्या ओळीपाशीच का थांबतो, याचा मला मनापासून राग येतो. त्या अर्धवट सल्ल्याची किंमत भलत्याच घरातली आई मोजते.

महाराष्ट्रात तर भांगेचाही प्रश्न तितका सरळ नाही. १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली आपल्या राज्यात परवान्याशिवाय भांग बनवणं, बाळगणं आणि पिणंसुद्धा गुन्हा आहे. उत्तर प्रदेशात किंवा राजस्थानात दुकानं आहेत ती त्या त्या राज्याच्या परवान्याने चालतात. तिथल्या पाटीचा आधार इथल्या पोलिस ठाण्यात घेता येत नाही.

पानाची ही सूट आली कुठून, हेही सांगण्याजोगं आहे. इंग्रज सरकारने १८९३-९४ साली इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं. त्याने हजाराहून जास्त साक्षी नोंदवल्या आणि सरसकट बंदी घालू नये असा निष्कर्ष काढला. बंगालात नौगावला आणि मध्य प्रांतात खंडव्याला तेव्हा सरकारी देखरेखीखाली गांजाची शेती होत असे. नौगावला तर नर झाडं वेळेत ओळखून उपटायला खास जाणकार माणसं असत. पुढे १९६१च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजा आला, पण व्याख्येतून नुसती पानं आणि बिया वगळल्या गेल्या. आपल्या १९८५च्या कायद्याने जवळजवळ तेच शब्द उचलले. म्हणजे सूट आहे ती पानाच्या वापराला, आणि ती एका जुन्या तडजोडीतून आली आहे. घरी झाड लावण्याचा हक्क त्यात कधीच नव्हता.

आता दुसरं पालुपद: "एक किलोपर्यंत अल्प प्रमाण धरतात, माझं रोप तर दोनशे ग्रॅमचंही नाही."

आकडा खरा आहे. २००१च्या अधिसूचनेनुसार गांजाचं अल्प प्रमाण १ किलोपर्यंत, व्यापारी प्रमाण २० किलोपासून पुढे. पण हे वजन बाळगणं, विकणं, वाहून नेणं यासाठी आहे. कलम २० दोन भागांत आहे आणि लोक दुसरा भाग वाचून पहिल्याचा निवाडा करतात. पहिला भाग फक्त लागवडीचा: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. त्यात ना किलो, ना रोपांची संख्या. अल्प प्रमाणात गांजा बाळगल्याची जास्तीत जास्त शिक्षा एक वर्ष आणि एक रोप लावल्याची दहा वर्षांपर्यंत, असा हा विषम हिशेब आहे. २००१च्या दुरुस्तीआधी लागवडीला ही मर्यादा पाच वर्षं होती. स्वतःपुरतं लावणाऱ्याला आणि तुरीच्या ओळींत दोनशे झाडं लपवणाऱ्याला एकाच कलमात कोंबणं मला अन्यायाचं वाटतं, आणि हा कायदा बदलावा असं मी उघडपणे म्हणते. पण आज कोर्टात उभ्या राहिलेल्या मुलासाठी माझं ते मत कामाचं नाही. न्यायाधीश शिक्षा कमी देऊ शकतात, देतातही. मात्र कलम ३३मुळे अठरा वर्षांवरच्या माणसाला या गुन्ह्यात परिवीक्षेवर, म्हणजे चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर, सोडता येत नाही. दोष सिद्ध झाला की शिक्का बसतो. पुढे पासपोर्ट, व्हिसा, नोकरीची चारित्र्य पडताळणी, सगळीकडे तो बरोबर येतो.

"कुंडी म्हणजे काही शेत नव्हे," असंही ऐकवतात. कलमात एकर, गुंठा, कुंडी असा भेद नाही. "मला माहीतच नव्हतं ते कसलं झाड आहे," हे सांगून सुटता येईल असं वाटत असेल तर कलम ३५ पाहावं. आरोपीला जाणीव होती असं न्यायालय गृहीत धरतं, आणि ती नव्हती हे आरोपीनेच वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करायचं असतं. एरवी हे ओझं सरकारवर असतं, इथे ते उलटं आहे. आणि कलम २५ घरमालकाचं: माहीत असून आपली जागा अशा कामाला वापरू दिली, तर त्यालाही तीच शिक्षा. मुलाच्या खोलीतला दिवा रात्रंदिवस का जळतो हे ठाऊक असूनही गप्प बसलेल्या आईवडिलांना मी हे सांगते, तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहवत नाही.

याच्या अगदी उलटा गैरसमजही पसरलेला आहे, की एनडीपीएस म्हटलं की जामीन नाहीच. तेही खरं नाही. कलम ३७च्या कडक अटी व्यापारी प्रमाणाला आणि काही ठरावीक कलमांना लागतात. एका रोपाचं प्रकरण त्यात बसत नाही. घाबरून पळून जाणारे, नाहीतर दलालाला पैसे चारणारे, या गैरसमजाने जास्त अडकतात. वकील गाठा, खरं सांगा.

काही समज एकेका ओळीत उरकण्यासारखे आहेत. बी कायदेशीर म्हणून रोपही कायदेशीर: नाही. भांगेच्या बियांना अन्न म्हणून २०२१मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने मान्यता दिली आणि कुमाऊँ-गढवालात त्यांची चटणी पिढ्यान्‌पिढ्या होते, पण बी कुंडीत रुजलं की ते झाड. हेम्प हे वेगळंच झाड: नाही, जात तीच, फक्त नशेचं द्रव्य नगण्य. उत्तराखंडात हेम्पची लागवड होते ती कलम १४खाली सरकारच्या परवानगीने. परवानगी कुणीही मागू शकतो: मागू शकतो, २०२१मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे गांजा लावायची परवानगी मागितलीही होती, पण अर्ज म्हणजे परवाना नव्हे. संयुक्त राष्ट्रांनी गांजा मोकळा केला: डिसेंबर २०२०मध्ये तो सर्वांत कडक यादीतून काढला, भारताने त्या बाजूने मतही दिलं, पण पहिल्या यादीत तो आजही आहे. आयुर्वेदात आहे म्हणून निर्धोक: औषध नियमांच्या ई-१ अनुसूचीत, म्हणजे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायच्या विषारी द्रव्यांत, भांगेचं नाव आहे. वनस्पती आहे, डोक्याला काही होत नाही: स्वीडनमधल्या पंचेचाळीस हजारांवर सैनिक-तरुणांची पाहणी १९८७मध्ये लॅन्सेटमध्ये आली, त्यात पन्नासहून जास्त वेळा गांजा घेतलेल्यांना पुढे स्किझोफ्रेनिया होण्याचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट दिसलं. केवळ त्यानेच होतो असं ती पाहणी सांगत नाही, पण घरात कुणाला मानसिक आजार असेल तर ही गोष्ट उडवून लावण्यासारखी नाही.

परदेशात असलेल्या मराठी मुलांचे प्रश्नही अलीकडे येतात, आणि तिथेही अर्धी माहिती तितकीच घात करते. जर्मनीत १ एप्रिल २०२४ पासून प्रौढ रहिवाशाला घरी तीन रोपं लावता येतात, पण घरात साठा ५० ग्रॅमचाच आणि मुलांचा हात पोचणार नाही अशी सोय सक्तीची. तीन मादी रोपं नीट फुलली तर ५० ग्रॅमच्या पुढे सहज जातात, म्हणजे कायदा पाळून सुरुवात केलेला माणूस काढणीच्या दिवशी मर्यादा ओलांडून बसतो. आणि खर्च तिथेही व्हिडिओत दिसतो तितका लहान नाही. शेवंती जशी दिवस लहान झाल्यावर कळ्या धरते, तसंच हे झाडही बहुतेक वाणांत लांब, सलग अंधाराच्या रात्रींवर फुलतं. म्हणून घरात महिनोन्‌महिने वेळापत्रकाने दिवा लावावा आणि विझवावा लागतो. वीजबिल वाढतं, वास शेजाऱ्यापर्यंत पोचतो, व्हिडिओत मात्र हे दोन्ही कळत नाहीत.

सर्वांत जास्त काळजी मला न्यू जर्सीतल्या मुलांची वाटते. एडिसनच्या आसपास आपली माणसं दाट वस्तीने राहतात. तिथे एप्रिल २०२२ पासून प्रौढाला दुकानातून गांजा विकत घेता येतो, त्यामुळे घरी लावलेलाही चालत असणार असं सगळे धरून चालतात. न्यू जर्सीत घरी एक रोप लावणंही गुन्हा आहे. शिवाय अमेरिकेच्या संघराज्याच्या कायद्यात गांजा अजूनही नियंत्रित पदार्थच आहे. एप्रिल २०१९मध्ये तिथल्या नागरिकत्व खात्याने लेखी स्पष्ट केलं की राज्यात चालत असलं, तरी असं वर्तन नागरिकत्वाच्या अर्जात 'चांगल्या चारित्र्या'च्या आड येऊ शकतं. ग्रीन कार्डाच्या रांगेत वर्षानुवर्षं थांबलेल्या मुलाने कॅलिफोर्नियात सहा रोपं लावली, तर त्या राज्याचे पोलिस त्याला काही करणार नाहीत. पण व्हिसाच्या अधिकाऱ्याने विचारल्यावर त्याने दिलेली प्रामाणिक कबुलीच त्याची वाट अडवू शकते.

शेवटी एक फोन सांगते, कारण तसे फोन पावसाळ्यात नेहमी येतात. पलीकडून एक आजी रडवेल्या आवाजात बोलत होत्या. गच्चीवर आपोआप उगवलेल्या झाडाचं पान बोटांसारखं फाटलेलं, कडेला दाते. शेजारच्या मुलाने फोटो काढला आणि 'गांजा आहे, पोलिस येतील' म्हणून सांगितलं. मी त्यांना म्हटलं, आजी, फोटो पाठवा आणि एक पान चावून बघा. फोटोत फिकट पिवळी फुलं होती, मध्ये गर्द तांबडा डोळा. पान चावल्यावर त्या म्हणाल्या, "अगं, हे तर आंबट लागतंय!" अंबाडी होती. तिचं पान गांजासारखं दिसतं म्हणूनच वनस्पतिशास्त्रात तिच्या नावात 'कॅनॅबिनस' आलं आहे, आणि तागालाही इंग्रजीत उगाच 'हेम्प' म्हणतात. या दोन्हींचा गांजाशी कसलाही नातेसंबंध नाही. आजींना म्हटलं, कोवळी पानं खुडा, कण्या आणि तुरीची डाळ घालून भाजी करा, वरून लसणाची फोडणी द्या. त्या संध्याकाळी त्यांनी भाजीचाही फोटो पाठवला.