उपदेशाला आले, पाण्यापाशी थांबले

नगर, जालना, सोलापूर या पट्ट्यातल्या माणसाला हापसा काय असतो हे सांगावं लागत नाही. सिमेंटचा ओटा, त्यात रोवलेले लोखंडी पाय, लांब दांडा आणि घागरींची रांग. हापसा सरकारी योजनेतून आला असं आपण धरून चालतो आणि ते खरंही आहे. पण सरकारने आणि युनिसेफने ज्या नमुन्यावरून तो घडवला, तो नमुना दिल्लीच्या कुठल्या प्रयोगशाळेतला नव्हता. जालन्यातलं स्कॉटिश मिशन, नेवाशाकडच्या वडाळ्याचं अमेरिकन मिशन आणि सोलापुरातली ‘वेल सर्व्हिस’ नावाची बोअरवाल्यांची कार्यशाळा, अशा तीन ठिकाणी तो टप्प्याटप्प्याने घडला. आफ्रिकेपर्यंत पोहोचलेला ‘इंडिया मार्क टू’ हा त्याचाच वंशज.

येशूची शिकवण सांगायला आलेली माणसं बोअर मारायला का लागली? ख्रिस्ती मिशन म्हटलं की आपल्याकडे दोन ठरलेल्या गोष्टी सांगितल्या जातात. एकीत देवमाणूस गोरा साहेब दीनदुबळ्यांची सेवा करतो, दुसरीत तोच साहेब पायलीभर धान्य देऊन धर्म विकत घेतो. दोन्ही गोष्टींमध्ये गावातला माणूस तोंड उघडत नाही. त्याच्यावर उपकार तरी होतात, नाहीतर त्याची फसवणूक तरी. नगर जिल्ह्याचा दोनशे वर्षांचा अनुभव पाहिला तर हे पटत नाही. गावाला आपल्याला काय हवं ते नीट कळत होतं आणि मिशनकडून ते करून घेण्याची हिकमतही गावाकडे होती.

अमेरिकन मिशनरी मुंबईत पोहोचले १८१३ मध्ये. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट यांना कंपनी सरकार परत पाठवायलाच निघालं होतं; कशीबशी परवानगी मिळाली. नगरला ठाणं पडलं १८३१ मध्ये. या लोकांच्या डोक्यातला बेत असा होता की, शास्त्री-पंडितांशी वाद करावा, वरचा थर वळवावा, म्हणजे खालचे आपोआप येतील. काही ब्राह्मण आले. १८३९ मध्ये नगरच्या हरिपंत आणि नारायणराव खिस्ती यांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा मोठी खळबळ उडाली. पण गावोगावहून खरा ओघ सुरू झाला तो महारवाड्यांतून आणि मांगवाड्यांतून, आणि त्यांची पहिली मागणी शाळेची होती. मिशनला बायबल वाचता यावं म्हणून शाळा काढायची होती. पण बायबल वाचता येणाऱ्याला सावकाराचा कागद आणि कुलकर्ण्याचं दप्तरही वाचता येतं, हे महारवाड्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

तिकडे बोस्टनमध्ये बसलेल्या मिशनच्या बोर्डाला हे फारसं रुचत नव्हतं. शाळांवर एवढा पैसा का, ख्रिस्ती मंडळ्या किती झाल्या ते सांगा, अशी विचारणा होई. बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये स्वतः पाहणीला आले आणि त्यांच्या धोरणामुळे इंग्रजी शाळांना कात्री लागली. मराठी शाळा मात्र राहिल्या. सिंथिया फरार या बाईंनी नगरमध्ये मुलींच्या शाळा चालवल्या. त्यातली एक पाहून जोतीराव फुले १८४८ मध्ये पुण्याला परतले आणि पुढे भिडेवाड्यात काय झालं ते सर्वांना माहीत आहे. फरारबाईंनी किती जणांना ख्रिस्ती केलं याचा हिशोब आज कुणी मांडत नाही, मात्र फुल्यांनी त्यांच्या शाळेतून काय उचललं याची नोंद महाराष्ट्राच्या इतिहासात कायमची झाली.

जालन्याची कथा आणखी वेगळी, कारण तिथे पुढारी मराठीच होता. नारायण शेषाद्री हे १८४३ मध्ये मुंबईत ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. ते निजामाच्या मुलखात, जालन्याजवळ गेले आणि प्रामुख्याने मांगांमध्ये काम करू लागले. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवून त्यांनी ‘बेथेल’ नावाचं गाव वसवलं. धर्म बदलल्यावर गावकीचं काम सुटतं, बलुतं बंद होतं, पाटील वस्तीतून उठवतो. मग पोट कुठे भरायचं? बेथेल हे त्याचं उत्तर होतं.

मग १८७६ ते ७८चा दुष्काळ. बाप्तिस्मा मागणाऱ्यांची संख्या फुगली आणि हे धान्यासाठी चाललंय का, हा प्रश्न टीकाकारांआधी मिशनऱ्यांनाच पडला. काहींनी नावं नोंदवून घेतली, पण दुष्काळ सरेपर्यंत बाप्तिस्मा लांबवला. काहींनी तेवढी वाट पाहिली नाही. याच काळावरून ‘पोटार्थी ख्रिस्ती’ हा शिक्का पडला तो आजवर पुसलेला नाही. भुकेल्या माणसाच्या हेतूची इतकी चौकशी करणाऱ्यांनी त्याला उपाशी ठेवणाऱ्या गावगाड्याच्या हेतूबद्दल मात्र फारसं विचारलं नाही, एवढंच इथे म्हणतो.

शाळेच्या मागणीमागून दवाखान्याची मागणी आली. वडाळ्याला फेअरबँक या मिशनरी घराण्याने जे ठाणं वाढवलं, तिथे पुढे दवाखाना उभा राहिला. १९६२ मध्ये तिथे एक तरुण जोडपं रुजू झालं. नगर जिल्ह्यातल्या शिक्षक आईवडिलांचा मुलगा रजनीकांत आरोळे आणि जबलपूरच्या ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या प्राध्यापकांची मुलगी मेबल. दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले. वडाळ्यात चार वर्षं रात्रंदिवस पेशंट तपासल्यावर त्यांच्या लक्षात आलं की, जुलाबाने सुकलेलं पोर बरं होऊन घरी जातं आणि दोन महिन्यांनी तेच पोर तसंच सुकून परत येतं. दवाखाना कितीही चांगला चालला तरी गावातला आजार होता तिथेच राहत होता. ते अमेरिकेला गेले, जॉन्स हॉपकिन्समध्ये सार्वजनिक आरोग्य शिकले आणि १९७० मध्ये परतले. आता त्यांची अट अशी होती की, जे गाव बोलावील तिथेच जायचं. जामखेडने बोलावलं. सुरुवात झाली ती पशुवैद्यकीय दवाखान्याच्या जुन्या खोल्यांत.

आणि इथेही गावाने आपली यादी पुढे केली. आरोळे आरोग्याबद्दल बोलत होते, गाव पाण्याबद्दल आणि भाकरीबद्दल. १९७० ते ७३ची ती वर्षं, म्हणजे महाराष्ट्राच्या आठवणीत ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हणून कोरलेली. डॉक्टरांनी औषधं बाजूला ठेवून आधी मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाक सुरू केला आणि तो गावच्या तरुणांकडून करवून घेतला. ही तरुण मंडळी जमली कशी? संध्याकाळी व्हॉलीबॉल. जातीजातीची पोरं एका जाळीभोवती आली, खेळानंतर बोलणं सुरू झालं, त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली.

बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा आरोळ्यांनी एक चलाखी केली. पाणी कुठे लागेल हे जाणकार दाखवतो, पण बोअर वाड्यांजवळ घ्यायचा की दलित वस्तीत, हे ठरवतं गावातलं वजन. त्यांनी जागा निवडल्या त्या दलित वस्तीतल्या. शतकानुशतकं ज्यांनी सवर्णांच्या विहिरीपाशी लांब उभं राहून कुणीतरी वरून पाणी ओतेल याची वाट पाहिली, त्यांच्या दारात हापसा बसला. दुष्काळात पाणी तिथेच असेल तर पाटलीणबाईही घागर घेऊन तिथेच येणार. अस्पृश्यता वाईट असते यावर कुणी प्रवचन दिलं नाही. दिलं असतं तर ते ऐकून घेऊन लोक घरी गेले असते.

आता त्या हापशाबद्दल थोडं सविस्तर. दख्खनचा काळा पाषाण म्हणजे विहीर खणणाऱ्याची परीक्षा. सुरुंग लावत महिनोन् महिने खणायचं आणि तरी कोरडं निघायचं. हवेच्या दाबावर चालणारी यंत्रं आली तसं पाच-सहा इंची भोक एक-दोन दिवसांत खाली जाऊ लागलं. पण त्यावर बसवायचा पंप कुठे होता? बाजारात मिळणारे ओतीव लोखंडाचे पंप मूळचे युरोप-अमेरिकेतल्या शेतघराच्या अंगणातले, एका कुटुंबाला दिवसाला थोड्या बादल्या काढून देणारे. आपल्याकडे एकेका पंपावर अख्खी वस्ती पहाटेपासून रात्रीपर्यंत. दांडा वरखाली होताना आतला रॉड तिरका ओढला जाई, खिळी झिजत, ओतीव भाग तडकत. १९७४च्या सुमारास पाहणी झाली तेव्हा देशात बसवलेल्या हापशांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश बंद पडलेले आढळले. सरकार हापसे मोजत होतं, गावात मात्र मोडकं लोखंड उभं होतं.

जालन्याच्या स्कॉटिश मिशनमध्ये जॉन मॅक्लिऑड यांच्या पाणी विभागाने हा घोळ मुळापासून बदलला. ओतीव लोखंड टाकून पोलादाचं वेल्डिंग केलं. पाच-सहा खिळींऐवजी दांडा फिरायला एकच आस ठेवला. दांड्याच्या आतल्या टोकाला चाकाच्या पाव भागासारखा गोलवा दिला आणि त्यावरून साखळी सोडून तिला रॉड लटकवला. दांडा कसाही हलला तरी साखळी गोलव्यावर बसते आणि रॉड नाकासमोर सरळ वर येतो. वडाळ्यात त्यात सुधारणा झाल्या, त्या पंपाला ‘जलवाड’ म्हणत. सोलापूरला ‘वेल सर्व्हिस’च्या ऑस्कर कार्लसन यांनी तो आणखी मजबूत केला. तीनही ठिकाणच्या माणसांचा फायदा एकच होता. पंप मोडला की तक्रार घेऊन बाई दुसऱ्या दिवशी मिशनच्या फाटकात उभी. दिल्लीतल्या अभियंत्यापर्यंत ती बाई कधीच पोहोचत नव्हती.

युनिसेफ आणि भारत सरकारने सोलापूरचा पंप पाया मानून मद्रासच्या रिचर्डसन अँड क्रुडास कंपनीत त्याचा पुढचा अवतार तयार करवून घेतला, कोईमतूर भागात त्याची चाचणी झाली आणि १९७९ मध्ये त्याचं भारतीय मानक निघालं. सोलापूरच्या पंपाचा पायथा बोअरच्या केसिंगवरच बसे. नव्यात तो रुंद करून सिमेंटच्या ओट्यात रोवला, म्हणजे धक्के केसिंगला बसत नाहीत आणि सांडपाणी आत मुरत नाही. या पंपाचं पेटंट कुणाकडेच नाही. ज्याच्याकडे कारखाना आहे त्याने करावा. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत जगभरात सुमारे पन्नास लाख पंप बसले होते. त्याची मर्यादा मात्र दीडएकशे फुटांच्या आसपास. शेताशेतात सबमर्सिबल पंप आले, पाण्याने त्याहून खाली बुडी मारली आणि अनेक गावांत हापसा कोरडा पडला. त्याचा दोष साखळीचा नाही.

जामखेडमध्ये पुढची अडचण नर्सची. प्रशिक्षित नर्स खेड्यात राहायला तयार नसत, राहिल्या तर गाव त्यांचं ऐकत नसे. तेव्हा सूचना आली तीही गावाकडूनच: आमच्यातलीच एखादी बाई शिकवा. निवडून आलेल्या बायका बहुतेक निरक्षर, कित्येक दलित, काही नवऱ्याने टाकलेल्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, एकत्र रांधत, एकत्र जेवत, एका छपराखाली झोपत. पहिल्या दिवशी हे सोपं गेलं नाही. पण याच बायका पुढे बाळंतपणं करू लागल्या, मुलांची वजनं घेऊ लागल्या, कुष्ठरोग आणि क्षय ओळखू लागल्या. प्रकल्पाच्या गावांत १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. १९७६ मध्ये हा आकडा ५२ झाला.

ही बातमी जिनिव्हाला पोहोचली ती चर्चच्याच वाटेने. जागतिक चर्च परिषदेचा एक वैद्यकीय आयोग तिथे होता. मिशनचे मोठमोठे दवाखाने फार थोड्यांच्या उपयोगी पडतात ही शंका त्यालाही सतावत होती. जागतिक आरोग्य संघटनेचं कार्यालय त्याच शहरात. १९७५ मध्ये संघटनेने लोकांच्या हातातल्या आरोग्यसेवेवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण होतं, आणि १९७८च्या आल्मा-आटा जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्याचा जो विचार मांडला गेला त्यामागे असे मोजकेच प्रयोग होते. आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ नंतर गावोगाव दिसू लागलेल्या आशाताईंच्या पूर्वजांमध्ये जामखेडच्या या बायका धरायला हव्यात. जामखेडमध्ये धर्मांतर झालं का, असं विचारणारे आजही भेटतात. आरोळे दोघंही श्रद्धावान ख्रिस्ती होते आणि ते त्यांनी लपवलं नाही. पण त्यांच्या दवाखान्याच्या दारावर किंवा गावातल्या कामात धर्माचा प्रश्न कुणाला विचारला गेला नाही.

ज्यांच्या पणजोबांनी खरोखर धर्म बदलला त्यांचं काय झालं, हे मात्र कुणी विचारत नाही. चर्चमध्येही महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात सोयरीक अवघड राहिली. कायद्यानेही त्यांना वेगळं काढलं. अनुसूचित जातींबाबतचा १९५०चा आदेश सुरुवातीला हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती आणि मुस्लिम बाहेरच राहिले. एकाच महारवाड्यातले दोन चुलतभाऊ, एकाच्या घरी १९५६ मध्ये दीक्षा झाली, दुसऱ्याच्या घरी त्याआधी शंभर वर्षं बाप्तिस्मा. पहिल्याला केंद्राच्या यादीत सवलत आहे, दुसऱ्याला नाही, जरी गावाने दोघांना एकाच पाणवठ्यावरून हाकललेलं असलं तरी. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची ही अट काढा म्हणून सांगितलं. २०२२ मध्ये केंद्राने माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. इकडे दाखल्यावर ‘हिंदू’ आणि रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, अशी सोय कित्येक घरांनी पिढ्यान् पिढ्या आपली आपण लावून घेतलेली आहे.